रूढी आणि वहिवाट : कलहारीतील एका विंधणविहिरीची कथा

२००२ सालच्या आरंभी बोत्स्वाना देशाच्या मध्य कलहारी राखीव क्षेत्रात मोथोमेलो नावाच्या वस्तीवरील विंधणविहीर बंद करण्यात आली. सरकारी माणसांनी पंपाचे इंजिन उतरवले, पाण्याची टाकी काढून नेली आणि विहिरीचे तोंड बुजवून टाकले. आसपासच्या वस्त्यांना टँकरने पाणी पोचवणे, शिधा देणे आणि फिरता दवाखाना चालवणे या सेवा ३१ जानेवारी २००२ पासून थांबवल्या गेल्या. राहणाऱ्यांना मालमोटारींत बसवून राखीव क्षेत्राबाहेरच्या वसाहतींत नेण्यात आले. सरकारने दिलेले कारण असे की हे क्षेत्र वन्यप्राण्यांसाठी राखीव आहे, माणसांची कायमची वस्ती त्यात बसत नाही, आणि शाळा-दवाखाने बाहेरच्या वसाहतींत पुरवणे अधिक सोयीचे आहे.

पाणी आहे, परंतु तुम्हांला पिता येणार नाही, हे वाक्य ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ऐकले आहे, अशा घरांतून आपण आलो आहोत. म्हणून सहारापलीकडच्या या विहिरीची कथा आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आंबेडकरी विचाराच्या माणसाला सहजी सुटणारा नाही. आदिवासींचा जमिनीवरील हक्क बहुतेक वेळा कागदावर नसतो. तो रूढीवर, परंपरेवर उभा असतो. आणि रूढी या शब्दाशी आपले वैर जुने आहे.

राखीव क्षेत्र कोणासाठी?

मध्य कलहारी राखीव क्षेत्राचा विस्तार सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक षष्ठांश. या प्रदेशात बारमाही नदी नाही. पावसाळ्यानंतर खळग्यांत साचलेले पाणी काही आठवडे टिकते. पुढे वर्षातील बराच काळ रानकलिंगडे आणि जमिनीतील रसाळ कंदमुळे हाच पाण्याचा आधार. शहामृगाच्या अंड्यांची टरफले ही येथील जुनी पाणी साठवण्याची भांडी. अशा भूमीत ग्वी आणि गाना या सान लोकांच्या शाखा आणि त्यांच्यासोबत बाकगालागादी समाजाची काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. (या भाषांतले जीभ टाळूवर आपटून काढलेले ध्वनी आपल्या देवनागरीत उतरत नाहीत, नावे जवळपासच्या उच्चारानेच लिहावी लागतात.)

या लोकांना इंग्रजांनी बुशमन म्हटले. त्स्वाना भाषेत त्यांना पूर्वी ‘मासारवा’ म्हणत. त्या भाषेत माणसांच्या समूहाला सामान्यतः ‘बा’ हा उपसर्ग लागतो. ‘मा’ हा उपसर्ग परक्यांसाठी आणि हलके लेखलेल्यांसाठी वापरला जाई. पुढे तो बदलून ‘बासारवा’ करण्यात आला. एका अक्षरात माणसाची पायरी कशी ठरते, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गुरेढोरे बाळगणाऱ्या बलिष्ठ कुळांच्या घरी सान कुटुंबांनी वंशपरंपरेने राबावे, अशीही एक प्रथा तिथे होती. तिला ‘बोलाता’ म्हणत. १९३० च्या दशकात ब्रिटिश सरकारला तिची चौकशी करावी लागली होती.

आपण ज्या देशात स्थायिक झालो, त्या ब्रिटनच्या अमलाखाली तेव्हा हा प्रदेश बेचुआनालँड या नावाने होता. १९५८ मध्ये जॉर्ज सिल्बरबाउअर या अधिकाऱ्याची सान लोकांच्या पाहणीसाठी नेमणूक झाली. त्यांच्या शिफारशीवरून १९६१ मध्ये हे राखीव क्षेत्र घोषित झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वन्यप्राण्यांच्या रक्षणाबरोबरच तिथे राहणाऱ्या सान लोकांचे जगणे सुरक्षित राहावे, हाही या घोषणेचा उद्देश होता. एखाद्या जमातीसाठी एवढी भूमी राखून ठेवण्याची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. प्राण्यांसाठी राखण्याची होती. म्हणून प्राण्यांच्या नावाने माणसांना संरक्षण देण्यात आले. चाळीस वर्षांनी त्याच नावाने माणसांना बाहेर काढण्यात आले.

बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला. १९८६ मध्ये सरकारने या रहिवाशांनी बाहेर जावे असे धोरण ठरवले. १९९७ मध्ये पहिले मोठे स्थलांतर झाले आणि २००२ मध्ये दुसरे. या भूमीच्या पोटात हिरे सापडले होते. स्थलांतराचा त्या हिऱ्यांशी संबंध आहे असा आरोप झाला आणि सरकारने तो सातत्याने नाकारला. पुढे २०१४ मध्ये राखीव क्षेत्रात हिऱ्यांची खाण सुरू झाली, एवढी गोष्ट मात्र नोंदलेली आहे. पर्यटकांसाठी निवासही उभे राहिले. माणसांची वस्ती प्राण्यांना बाधक आणि खाण व पर्यटन मात्र बाधक नाही, असा अर्थ त्यातून कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

१३ डिसेंबर २००६

रॉय सेसाना आणि त्यांचे सोबती न्यायालयात गेले. आरंभी अर्जदार २४३ होते. खटला चालू असतानाच कित्येकांचे निधन झाले. लोबात्से येथील उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी १३ डिसेंबर २००६ रोजी निकाल दिला. ३१ जानेवारी २००२ पूर्वी अर्जदार आपल्या वस्त्यांवर कायदेशीर ताब्यात होते, असे एकमताने ठरले, आणि त्यांच्या संमतीवाचून तो ताबा हिरावून घेतला गेला, असे दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले. त्यांना राखीव क्षेत्रात प्रवेश नाकारणे आणि शिकारीचे परवाने न देणे हेही बेकायदा ठरले. शिधा आणि शिकारीचे परवाने एकाच वेळी बंद करणे म्हणजे मागे राहिलेल्यांना उपासमारीच्या मृत्यूकडे ढकलणे होय, अशा आशयाचे मत न्यायमूर्ती फुमाफी यांनी नोंदवले.

या निकालाचा कायदेशीर गाभा समजून घेतला पाहिजे. सरकारचे म्हणणे साधे होते : ही जमीन ब्रिटिश काळी राजसत्तेच्या मालकीची झाली, पुढे राखीव क्षेत्र झाली, त्यामुळे जुने हक्क आपोआप संपले. न्यायालयाला ते पटले नाही. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९२ मध्ये माबो खटल्यात जे तत्त्व मान्य केले होते, त्याचा विचार येथे झाला. राज्यकर्ता बदलला म्हणून मूळ रहिवाशांचा भोगवटा नष्ट होत नाही. तो नष्ट करायचा असेल तर तसा स्पष्ट हेतू कायद्यात दिसावा लागतो. येथे तर राखीव क्षेत्राचा एक हेतूच त्या रहिवाशांचे रक्षण हा होता. ज्या घोषणेने त्यांना आसरा दिला, तीच त्यांचा हक्क संपवणारी कशी ठरेल?

तथापि याच निकालात एक उणीव राहिली. सेवा बंद करणे बेकायदा नव्हते आणि त्या पुन्हा सुरू करण्यास सरकार बांधील नाही, असेही बहुमताने ठरले. न्यायमूर्ती युनिटी डाऊ यांनी त्यास असहमती दर्शवली. परिणाम असा झाला की लोकांना घरी परतण्याचा हक्क मिळाला, पण घरी पाणी नव्हते. त्यांनी स्वखर्चाने मोथोमेलोची विहीर सुरू करण्याची अनुमती मागितली. ती मिळाली नाही. ते पुन्हा न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयात हरले.

२७ जानेवारी २०११ रोजी अपील न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. बोत्स्वानाच्या जलकायद्यातील कलम ६ प्रमाणे जमिनीच्या भोगवटादाराला घरगुती वापरासाठी विहीर खणण्याचा आणि पाणी घेण्याचा अधिकार आहे. जे कायदेशीर भोगवटादार आहेत त्यांना तो का नसावा, असा सरळ विचार न्यायालयाने केला. पुढे जाऊन, पाण्यावाचून ठेवणे ही संविधानाने निषिद्ध केलेली मानहानिकारक वागणूक आहे, असेही म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०१० मध्ये पाण्याचा मानवी हक्क मान्य केला होता, त्याचाही उल्लेख निकालात आला. त्याच वर्षी मोथोमेलोच्या विहिरीतून पुन्हा पाणी वर आले.

महाडचा खटला आणि ‘अनादि रूढी’

हा निकाल वाचताना महाडची आठवण आल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ हा दिवस आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यानंतर चाललेला दिवाणी खटला तितका माहीत नसतो. चवदार तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करणारा मनाई हुकूम मिळावा म्हणून काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावला. तो दहा वर्षे चालला. वादींचा मुख्य आधार काय होता? रूढी. अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही अशी अनादि काळापासूनची रूढी आहे आणि तिला कायद्याचे बळ आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की तळे नगरपालिकेचे आहे आणि अशी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

महाडला आपण जिंकलो, कारण रूढी सिद्ध झाली नाही. कलहारीत सान लोक जिंकले, कारण त्यांचा पिढीजात वास सिद्ध झाला. मग आंबेडकरी माणसाने रूढीच्या बाजूने उभे राहावे की विरुद्ध?

बाबासाहेबांची भूमिका संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये कोरलेली आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे रद्दबातल ठरतात, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी व परिपाठ यांचाही समावेश होतो. म्हणजे ‘पूर्वापार चालत आले’ ही सबब पुरेशी नाही. महार वतनाकडे पाहा. त्यात जमीन होती, परंतु त्या जमिनीच्या बदल्यात साऱ्या गावाची वेठ होती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बांधिलकीतून समाज मोकळा व्हावा म्हणून. रूढीने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यापेक्षा त्यांना माणसाची मोकळीक मोलाची वाटली.

आपल्या भाषेने या ठिकाणी आपल्याला एक उपयुक्त भेद दिला आहे. एक शब्द रूढी, दुसरा वहिवाट. कोर्टकचेरीत आणि शेतीच्या व्यवहारात वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष वापर : कसणे, राहणे, पाणी भरणे, वाट तुडवणे. महाडच्या वादींनी जी सांगितली ती दुसऱ्याला तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी होती. तिला टिकण्यासाठी कोणीतरी खाली असावा लागतो, कोणीतरी तहानलेला राहावा लागतो. मोथोमेलोच्या लोकांनी जी सांगितली ती वहिवाट : आम्ही येथे जन्मलो, येथली कंदमुळे ओळखतो, येथे आमचे पूर्वज पुरले आहेत. तिला टिकण्यासाठी कोणाचा अपमान लागत नाही. बोलाता ही रूढी गेली पाहिजे. मोथोमेलोची वहिवाट राहिली पाहिजे. एकाच समाजाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आहेत, आणि त्यांना एका मापाने मोजणे हा विवेक नव्हे.

हीच कसोटी आदिवासींच्या अंतर्गत प्रथांनाही लावावी लागेल. वहिवाटीच्या हक्कात स्त्रियांचा वाटा किती, बाहेरून लग्न होऊन आलेल्यांचे काय, हे प्रश्न विचारण्यास संकोच नसावा. हक्काच्या बाजूने उभे राहणे म्हणजे प्रत्येक प्रथेपुढे हात जोडणे नव्हे.

‘खेडी सोडा’ आणि ‘अरण्य सोडा’

एक आक्षेप आपल्यातूनच येईल. बाबासाहेबांनी तर आपल्याला खेडी सोडायला सांगितली. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी संविधान सभेत खडे बोल सुनावले. आपण स्वतः गाव सोडले, देशही सोडला, मुलांना विद्यापीठांत शिकवले. मग वाळवंटात कंदमुळांवर जगण्याच्या हक्काचे समर्थन आपण कशासाठी करायचे? तो मागासलेपणाचा उदोउदो नव्हे काय?

आक्षेप गंभीर आहे, आणि त्यात तथ्यांशही आहे. सान लोकांच्या बाजूने लंडनमधून चाललेल्या मोहिमेत ‘निसर्गपुत्र’ या प्रतिमेचा वापर झाला, तेव्हा बोत्स्वानातील अनेकांना तो वसाहतवादी तोरा वाटला, हे समजण्यासारखे आहे. कोणत्याही समाजाला संग्रहालयातील वस्तू करून ठेवणे हा त्याचा सन्मान नव्हे. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला याच बाबतीत जाब विचारला होता : आपल्यामध्ये राहणाऱ्या आदिवासींना शिक्षण, औषधोपचार, माणुसकीचा आधार देण्याची बुद्धी या सुसंस्कृत म्हणवणाऱ्यांना का झाली नाही?

परंतु गाव सोडण्याचा निर्णय आपल्या आजोबांनी स्वतः घेतला होता. मुंबईच्या गिरणीत, नागपूरच्या कापड कारखान्यात, रेल्वेत, गोदीत त्यांनी स्वतःच्या पायाने प्रवेश केला. त्यांच्या विहिरीत माती टाकून कोणी त्यांना ‘विकासाकडे’ हाकलले असते, तर त्याला आपण मुक्ती म्हटले असते काय? कलहारीतील लोकांनी दवाखाना नको असे म्हटले नव्हते. फिरता दवाखाना बंद झाला, हीच त्यांची तक्रार होती. दवाखाना हवा असेल तर जमीन सोडा, अशी अट ज्या ठिकाणी घातली जाते, तिथे दवाखाना हा हक्क राहत नाही. तो जमिनीचा मोबदला होतो.

१३ डिसेंबर २००५

योगायोग असा की कलहारीचा निकाल लागला त्याच महिन्यात, २९ डिसेंबर २००६ रोजी, भारतात वनहक्क कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे हा कायदा आपल्या प्रस्तावनेतच मान्य करतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांनाही तो लागू आहे. वन्यजीवांसाठी एखादे क्षेत्र पूर्णपणे निर्मनुष्य ठेवायचे असेल, तर आधी हक्कांची नोंद पूर्ण व्हावी, सहजीवनाचा अन्य मार्ग उरलेला नसावा आणि ग्रामसभेची लेखी, स्वखुशीची संमती असावी, असे त्यात म्हटले आहे. २०११ मध्ये कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथस्वामी व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. वाघ आणि माणूस एका अरण्यात राहू शकतात, ही गोष्ट त्यामुळे कागदावर आली.

या कायद्यात एक तारीख आहे : १३ डिसेंबर २००५. अनुसूचित जमातीच्या माणसाने त्या दिवसापूर्वी वनजमिनीचा ताबा दाखवायचा. जो अनुसूचित जमातीचा नाही अशा ‘इतर पारंपरिक वननिवासी’ माणसाने त्या दिवसापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करायचा. या दुसऱ्या वर्गात वनालगतच्या गावांतील दलित कुटुंबेही येतात. ७५ वर्षे मागे गेलो की १९३० साल येते. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला ते साल. ज्या माणसाला त्या वर्षी मंदिराच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्याच्या नावाची नोंद वनखात्याच्या कोणत्या वहीत सापडणार? नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून धरण्याची सोय आहे, ती यासाठीच मोलाची आहे. कागद ज्यांच्या हाती कधी दिलाच नाही त्यांच्याकडे कागद मागणे, हा जुनाच डाव आहे. वहिवाटीच्या हक्काचा लढा म्हणूनच परक्याचा लढा नाही.

मातीचा शेवटचा हक्क

कलहारीची कथा २०११ मध्ये संपली नाही. निकालाचा लाभ सरकारने खटल्यात नाव असलेल्या १८९ अर्जदारांपुरता धरला. इतरांना, आणि अर्जदारांच्या सज्ञान मुलांनाही, आपल्याच वस्तीत राहण्यासाठी मुदतीचा परवाना लागू लागला. डिसेंबर २०२१ मध्ये राखीव क्षेत्रात जन्मलेल्या एका वृद्धाचे निधन झाले. पूर्वजांच्या भूमीत दफन व्हावे ही त्यांची इच्छा. सरकारने अनुमती नाकारली आणि न्यायालयातही कुटुंबाच्या पदरी निराशा आली. जवळजवळ तीन वर्षे त्यांचा देह शवागारात राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तांतर होऊन डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. सान लोकांच्या खटल्यात त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांपैकी ते एक होते. पुढच्याच महिन्यात त्या वृद्धाला त्यांच्या मातीत ठेवण्यात आले. मरणानंतर देह कोठे न्यायचा, गावची स्मशानभूमी आपल्याला खुली आहे की नाही, या विवंचनेतून आपल्यापैकी अनेकांची गावे आजही सुटलेली नाहीत. त्या कुटुंबाची तीन वर्षे कशी गेली असतील, हे आपल्याला कल्पनेने जाणण्याची गरज नाही.

सुट्टीत आपण मुलांना घेऊन अरण्ये पाहायला जातो. कोणी ताडोबाला, कोणी केनियाला, कोणी बोत्स्वानालाही जात असेल. जावे, अरण्य पाहणे हा आनंदच आहे. तिथे गेल्यावर मार्गदर्शकाला प्राण्यांविषयी विचारतो, तसे आणखी एक विचारावे : येथे पूर्वी कोण राहत होते, ते आता कोठे आहेत, आणि ते गेले की त्यांना नेले? मुलांसमोरच विचारावे. महाडची गोष्ट त्यांना आपण सांगितलेलीच असते; मोथोमेलोच्या विहिरीची गोष्ट मग त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.